न दिसणं आणि नसणं : हृदयाची झडप बदलल्यानंतरचा हिशेब



आयोजकांनी माझ्या नावाआधी ‘डॉ.’ लावलं आहे आणि आजचा विषय हृदयशस्त्रक्रियेचा आहे. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, मी तो डॉक्टर नव्हे. माझी पीएच.डी. तत्त्वज्ञानातली. दारावरची पाटी वाचून एकदा रात्री दोन वाजता शेजारी धापा टाकत आले होते. त्यांना पाणी दिलं आणि रिक्षा बोलावली. माझं वैद्यकीय कार्य एवढंच. (हशा)

मग मी या विषयावर का बोलतोय? दोन कारणं आहेत. पहिलं कारण घरचं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, तिच्या हृदयाची एक झडप १९८९ साली मुंबईत बदलली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. लहानपणी घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. गावात त्याला कुणी फार मनावर घेतलं नाही. त्या तापानं मायट्रल झडप हळूहळू आखडत गेली. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा कळलं. धातूची झडप बसवली. रात्री सगळं निजानीज झालं की तिच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. दाजी म्हणायचे, आमच्या घरात घड्याळाची गरज नाही.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. शस्त्रक्रियेनंतर काय झालं, किती लोक जगले, कसे जगले, याचा पद्धतशीर अभ्यास करणारी एक शाखा आहे. इंग्रजीत तिला ‘आउटकम्स रिसर्च’ म्हणतात. आपण ‘निकालांचा अभ्यास’ म्हणू. निवृत्तीनंतर मी या शाखेतले निबंध वाचायला लागलो, सुरुवातीला आक्कासाठी, नंतर सवयीनं. आणि माझ्या लक्षात आलं की या आकड्यांच्या पोटात आमचेच जुने प्रश्न बसलेले आहेत. परिणाम म्हणजे कुणाचा परिणाम? कधीपर्यंतचा? आणि जे आपल्याला दिसलं नाही ते घडलंच नाही असं म्हणायचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? आजचं व्याख्यान या शेवटच्या प्रश्नाभोवती आहे.

थोडा इतिहास. १९६० साली अमेरिकेत पोर्टलंड इथे अल्बर्ट स्टार नावाचे तरुण सर्जन आणि लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्त इंजिनिअर यांनी मिळून एक झडप बनवली. धातूचा पिंजरा आणि त्यात वरखाली होणारा गोळा. मायट्रल झडपेच्या जागी ती बसवलेली पहिली रुग्ण काही तासांतच गेली. हृदयात राहिलेली हवा मेंदूकडे गेली होती. दुसरा रुग्ण बावन्न वर्षांचा होता. तो दहा वर्षं जगला आणि मग घर रंगवताना शिडीवरून पडून गेला.

आता मला सांगा, या दुसऱ्या माणसाचा निकाल तुम्ही कसा लिहाल? ‘दहा वर्षांनी मृत्यू’ असं लिहिलंत तर झडपेवर अन्याय होतो, कारण ती चालत होती. ‘झडप निकामी झाली नाही’ एवढंच लिहिलंत तर माणूस गेला हे दिसतच नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण पहिलं माणसाबद्दल आहे, दुसरं झडपेबद्दल. पुढची साठ वर्षं हा घोळ चालू राहिलेला आहे, आणि तो अडाण्यांनी घातलेला घोळ नाही.

त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बॉस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचे एक सर्जन होऊन गेले. त्यांचं म्हणणं शेंबड्या पोराला कळेल असं होतं. प्रत्येक रुग्णाची चिठ्ठी ठेवा. वर्षभरानं त्याला गाठून विचारा, बाबा, कसा आहेस? बरा नसेल तर का नाही, ते लिहा. आणि ते सगळ्यांना दिसेल असं छापा. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्यांनी ३३७ रुग्णांची नोंद ठेवली आणि आपल्या हातून झालेल्या १२३ चुका जाहीर केल्या. याबद्दल त्यांचा सत्कार झाला असेल असं वाटतं ना? सहकाऱ्यांनी त्यांना जवळपास वाळीत टाकलं. लक्षात ठेवा, कॉडमन यांची कल्पना ‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली का’ अशी नव्हती. ‘रुग्णाला जे हवं होतं ते त्याला मिळालं का’ अशी होती. म्हणजे निकाल शस्त्रक्रियागृहात संपत नाही, तो रुग्णाच्या घरी जाऊन विचारावा लागतो.

मी टीका करणार आहे, पण ती करण्याआधी मोजण्याचे उपकार मान्य केले पाहिजेत. ब्रिस्टल या इंग्लंडमधल्या शहरात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांमध्ये मृत्यू जास्त होत होते. तिथल्याच एका भूलतज्ज्ञानं आवाज उठवला. पुढे इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली, २००१ साली अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची तीस ते पस्तीस बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असा अंदाज त्यात दिला आहे. आकड्यांचा तिथे तुटवडा नव्हता. ते एकत्र मांडून बघायची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं नव्हतं. मोजणं ही कोरडी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी या पस्तीस घरांचा विचार करावा.

न्यूयॉर्क राज्यानं १९८९ पासून बायपास शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली आणि रुग्णालयांचे, पुढे सर्जनांचेसुद्धा, मृत्यूचे आकडे प्रसिद्ध केले. रुग्ण किती आजारी होता हे लक्षात घेऊन दुरुस्त केलेलं मृत्यूचं प्रमाण चार वर्षांत ४.१७ टक्क्यांवरून २.४५ टक्क्यांवर आलं. उत्तम. पण याच काळात आणखी एक गंमत झाली. फुप्फुसांचा जुना विकार असलेल्या रुग्णांचं नोंदलेलं प्रमाण १९८९ साली ६.९ टक्के होतं, ते १९९१ साली १७.४ टक्के झालं. दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या लोकांची फुप्फुसं एकदम बिघडली का? थोडी नोंद सुधारली असेल. पण रुग्ण कागदावर जितका आजारी, तितका सर्जनचा निकाल चांगला दिसतो, हेही सगळ्यांना कळलं होतं. आणि फार जोखमीचे रुग्ण दुसऱ्या राज्यात पाठवले जातात का, यावर बराच वाद झाला. ज्याला टेबलावर घेतलंच नाही तो कोणत्याच सर्जनच्या आकड्यात मरत नाही. तो आपल्या घरी मरतो.

इथे मी तुम्हाला आपल्या दर्शनशास्त्रातली एक गोष्ट सांगतो. कंटाळू नका, लगेच परत येणार आहोत.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही, हे मला कशानं कळतं? डोळ्यांनी जमीन दिसते; ‘नसणं’ कसं दिसेल? तर घट आढळत नाही, या न आढळण्यातूनच त्याचा अभाव कळतो. नैयायिक याला वेगळं प्रमाण मानत नाहीत, त्यावर त्यांचं शतकानुशतकं भांडण आहे. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे. त्या अटीचं नाव योग्यता. घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये पडदा नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून ‘घट नाही’ असं म्हणता येत नाही. फक्त ‘मला दिसला नाही’ एवढंच म्हणता येतं.

आता शस्त्रक्रियेच्या निबंधात जेव्हा लिहितात की ‘दहा वर्षांत इतक्या टक्के रुग्णांत कोणतीही गुंतागुंत आढळली नाही’, तेव्हा माझा प्रश्न एवढाच असतो : खोलीत दिवा होता का?

या प्रश्नाची किंमत किती असते, याचं एक उदाहरण देतो. ब्यॉर्क-शायली या नावाची एक तबकडीची झडप होती. तिचं बहिर्वक्र-अंतर्वक्र असं एक मॉडेल १९७९ पासून वापरात आलं आणि १९८६ साली बाजारातून काढून घेतलं. जगभरात सुमारे ८६,००० माणसांना ती बसवली होती. तबकडी धरून ठेवणारी धातूची बारीक कडी काही जणांत तुटायची. तुटली की तबकडी निसटायची, आणि बहुतेकदा माणूस जायचा. प्रश्न असा होता की ती किती जणांत तुटते? कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींवरून आकडा लहान दिसत होता. पण विचार करा. झडप बसवलेला माणूस घरी अचानक कोसळला तर लोक काय म्हणणार? हृदयाचाच रुग्ण होता, गेला. शवविच्छेदन कोण करणार? केलं नाही तर तुटलेली कडी कुणालाच दिसणार नाही.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वेगळा मार्ग धरला. तक्रारीची वाट बघत बसण्याऐवजी त्यांनी आपल्या देशातल्या ही झडप बसवलेल्या २,३०३ रुग्णांची यादी केली आणि त्यांचा माग काढला. ४२ जणांत कडी तुटलेली निघाली. १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला, आणि धोका आधी समजत होतो त्याहून मोठा आहे, विशेषतः काही आकारांच्या झडपांत, हे स्पष्ट झालं. झडपा त्याच होत्या. फक्त कुणीतरी दिवा घेऊन खोलीत गेलं.

आता झडप आणि माणूस यांच्या घोळाकडे परत येऊ. झडपा मुख्यतः दोन जातींच्या. धातूची किंवा कार्बनची यांत्रिक झडप; ती टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर रक्त पातळ करायची गोळी लागते. आणि डुकराच्या किंवा गाईगुरांच्या ऊतीपासून केलेली झडप. तिला सहसा जन्मभर गोळी लागत नाही, पण ती झिजते. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुषांना चिठ्ठ्या टाकून यातली एक किंवा दुसरी झडप दिली आणि पंधरा वर्षं पाठपुरावा केला. महाधमनीच्या झडपेचे आकडे असे : यांत्रिक झडपवाल्यांत पंधरा वर्षांत ६६ टक्के मृत्यू, ऊतीच्या झडपवाल्यांत ७९ टक्के. झडपच निकामी होणं : यांत्रिक शून्य, ऊतीची २३ टक्के. रक्तस्राव : यांत्रिक ५१ टक्के, ऊतीची ३० टक्के.

हा अभ्यास मला आवडतो, कारण तो सगळं एका आकड्यात कोंबत नाही. पण त्यात कोण नाही ते बघा. एकही बाई नाही. म्हणजे आक्का नाही. बाळंतपणाच्या वयातल्या मुलीला यांत्रिक झडप बसवली तर ती गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते. ऊतीची बसवली तर तरुण वयात ती लवकर झिजते आणि पुन्हा छाती उघडावी लागते. हा पेच पन्नाशी-साठीच्या सैनिकाचा नाही. आक्काला पहिला मुलगा होता. डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. तिला मुलगी हवी होती. हा निकाल कुठल्याही रकान्यात बसत नाही. पण झडपेच्या निवडीचा तो सरळ परिणाम होता.

आणखी एक बारकावा. समजा ऐंशी वर्षांच्या शंभर जणांना ऊतीची झडप बसवली. पंधरा वर्षांत पंच्याण्णव जण इतर कारणांनी गेले आणि त्याआधी चौघांची झडप झिजली. ‘शंभरांत फक्त चार झडपा निकामी’ हे वाक्य खरं आहे. पण बाकीच्या झडपांना झिजायला वेळ तरी मिळाला का? म्हणून दुसरी गणना करतात : माणसं जगली असती तर किती झडपा झिजल्या असत्या? तो आकडा अर्थातच मोठा येतो. ऐंशीच्या आजोबांना पहिला आकडा सांगणं योग्य आहे. तिशीच्या मुलीला तोच आकडा सांगणं ही फसवणूक आहे, आणि सांगणाऱ्याला ती कळतसुद्धा नाही, कारण आकडा खोटा नसतो.

आता अलीकडचं. २००२ साली फ्रान्समध्ये रुआँ इथे अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीवाटे महाधमनीची झडप बसवली. आपल्याकडे आता ‘टावी’ हा शब्द रुळला आहे. सुरुवातीला ही पद्धत ज्यांना शस्त्रक्रिया झेपणारच नाही अशांसाठी होती. २०१० साली आलेल्या ‘पार्टनर’ या चाचणीत अशा रुग्णांत वर्षभरात मृत्यू ५०.७ टक्क्यांवरून ३०.७ टक्क्यांवर आले. इथे टाळ्याच वाजवल्या पाहिजेत. निम्मी माणसं वर्षात जात होती.

पुढे २०१९ साली कमी जोखमीच्या रुग्णांवरची ‘पार्टनर ३’ ही चाचणी आली. १,००० रुग्ण, खर्च झडप बनवणाऱ्या एडवर्ड्स कंपनीचा, म्हणजे त्या पिंजऱ्यातल्या गोळ्यावाल्या एडवर्ड्स यांच्याच नावाची कंपनी. तिचा मुख्य निकाल : वर्षभरात टावीत ८.५ टक्के, शस्त्रक्रियेत १५.१ टक्के. कशाचे टक्के? मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात दाखल होणं, यांपैकी काहीही. याला मिश्र निकाल म्हणतात. सुटं करून बघितलं तर मृत्यू १.० विरुद्ध २.५, पक्षाघात १.२ विरुद्ध ३.१, आणि पुन्हा दाखल होणं ७.३ विरुद्ध ११.०. म्हणजे बेरजेतला सगळ्यात मोठा वाटा पुन्हा दाखल होण्याचा. पाच वर्षांनी मिश्र निकाल २२.८ विरुद्ध २७.२ टक्के झाला, आणि तो फरक संख्याशास्त्रानुसार ठाम राहिला नाही. मृत्यू टावीत १०.० आणि शस्त्रक्रियेत ८.२ टक्के.

मी टावीविरुद्ध बोलत नाही. छाती न उघडता चार दिवसांत घरी यायला मिळणं ही लहान गोष्ट नाही, मलाही तेच आवडेल. माझा आक्षेप बेरजेला आहे. मृत्यू अधिक पक्षाघात अधिक दोन दिवस वॉर्डात, ही बेरीज गणितानं होत नाही. ती करताना कुणीतरी ठरवलेलं असतं की या तिन्हींना सारखंच वजन. हा मूल्यनिर्णय आहे. आमच्या शास्त्रात याला आधी नाव द्यावं लागतं आणि मग समर्थन द्यावं लागतं. इथे तो ‘पद्धती’ या मथळ्याखाली बारीक टायपात जातो. दिवा आहे, घटही आहेत, पण तीन वेगवेगळे घट एका पोत्यात भरून पोतं मोजलं आहे.

आता आपल्याकडे येऊ. पाश्चात्त्य देशांत झडप बदलून घेणारा रुग्ण बहुधा म्हातारा असतो. आपल्याकडे अजूनही मोठा वर्ग लहानपणच्या त्या सांधेतापाचा आहे. तरुण, गरीब, त्यात बायका जास्त. त्यांच्यासाठी आपल्या देशानं एक मोठं काम केलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली. आधीची तीन मॉडेल्स फसली, चौथं टिकलं. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त, आणि आजवर लाखाहून अधिक बसवल्या गेल्या आहेत. फसलेली मॉडेल्स लपवली नाहीत, हेही मला तितकंच मोठं वाटतं.

पण झडप स्वस्त झाली तरी तिच्या पुढचं आयुष्य स्वस्त होत नाही. रक्त किती पातळ आहे हे बघायला पीटी-आयएनआर नावाची तपासणी वरचेवर करावी लागते. आकडा खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. मेथी-शेपू एकदम जास्त खाल्ली तरी फरक पडतो. आक्काच्या गावी ही तपासणी होत नव्हती. सकाळच्या एसटीनं मिरजेला जायचं, रक्त द्यायचं, संध्याकाळी परत. द्राक्षांच्या दिवसांत रोज बुडायचा. मग महिन्याचं दोन महिन्यांवर गेलं, दोनाचं सहावर. मुंबईला तर ती तीन-चार वर्षांनंतर गेलीच नाही.

अशा रुग्णाला निबंधाच्या भाषेत ‘लॉस्ट टु फॉलोअप’ म्हणतात. संपर्क तुटलेला. जगण्याचा आलेख काढायची जी पद्धत सगळीकडे वापरतात, कापलान आणि मायर यांची, १९५८ सालची, तिच्यात अशा रुग्णाला शेवटच्या भेटीपर्यंत जिवंत धरतात आणि पुढे हिशेबातून बाजूला काढतात. ही चूक नाही, शहाणपणाची युक्ती आहे. मात्र तिला एक अट आहे : जे गेले त्यांचं भवितव्य जे राहिले त्यांच्यासारखंच असलं पाहिजे. आता सांगा, महिन्याच्या महिन्याला मुंबईत तपासणीला येऊ शकणारा माणूस आणि एसटीचं भाडं नाही म्हणून न येणारी बाई, यांचं भवितव्य सारखं असेल?

साधं गणित करू. समजा शंभर रुग्ण. सत्तर सापडले, त्यांतले सात गेले. तुम्ही म्हणाल, दहा टक्के मृत्यू. उरलेल्या तिसांपैकी अर्धे गेलेले असतील तर? सात आणि पंधरा, बावीस. एकही गेला नसेल तर सात. म्हणजे खरं उत्तर ‘सात ते बावीस, किंवा त्याहूनही जास्त’ असं आहे, आणि निबंधाच्या सारांशात छापलं जाईल ‘दहा’. हा ताळा करून दाखवायची पद्धत संशोधनात आहे, नवीन काही शोधायचं नाही. माझी मागणी एवढीच, की किती टक्के रुग्ण सापडले नाहीत हा आकडा मृत्यूच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात छापा.

जे दिसत नाहीत ते इतरांसारखेच असतील हे गृहीत कसं फसतं, याचा एक पुरावा २०२२ साली मिळाला. सांधेतापानं झडप खराब होऊन हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांना जुनी गोळी द्यायची की नवी, यावर आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत ‘इन्व्हिक्टस’ नावाची चाचणी झाली. साडेचार हजारांवर रुग्ण. नवी गोळी सोपी, वरचेवर तपासणी नको. ती निदान जुनीइतकी तरी चांगली ठरेल, असा होरा होता. निकाल उलटा आला. जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. श्रीमंत देशांतल्या वेगळ्या रुग्णांचा अनुभव या रुग्णांना लावून चालणार नव्हतं. त्यांनाच विचारावं लागलं.

एका तरुण सर्जन श्रोत्यानं मध्यंतरात मला गाठून विचारलं, “सर, आम्ही दिवसाला दोन ऑपरेशनं करतो. गावोगाव जाऊन रुग्ण शोधत बसायचं का?” प्रश्न रास्त आहे. सर्जननं जाऊ नये. पण रुग्णालयात एक माणूस फोनसाठी नेमता येतो. एका रुग्णाचे तीन नंबर लिहून घेता येतात. मृत्यूची सरकारी नोंद आणि रुग्णालयाची नोंद जोडता येते. ज्या कामासाठी पैसे ठेवत नाहीत ते काम महत्त्वाचं नाही, असं आपण ठरवलेलं असतं. फक्त तसं म्हणत नाही.

आता एक गोष्ट उरली आहे, ती सांगायला मला थोडं जड जातं.

आक्का २००४ साली गेली. चव्वेचाळीस वर्षांची होती. सकाळी चुलीपुढं बसली होती, बोलता बोलता जीभ जड झाली. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. गुठळी होती की रक्तस्राव, कुणालाच कळलं नाही. दाखल्यावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. ते तर कुणाच्याही दाखल्यावर लिहिता येईल.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी माझ्या पत्त्यावर एक छापील जोडकार्ड आलं. शस्त्रक्रियेच्या वेळी गावात फोन नव्हता म्हणून पत्ता माझा दिला होता. मुंबईच्या त्या रुग्णालयानं पाठवलेलं. प्रकृती कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, शेवटची तपासणी कधी. आणि तळाला एक ओळ : रुग्ण हयात नसल्यास तारीख व कारण. उत्तराच्या कार्डावर पत्ता छापलेला होता, तिकीटसुद्धा लावलेलं होतं. मला फक्त दोन शब्द लिहून पेटीत टाकायचं होतं. तारीख मला माहीत होती. कारण माहीत नव्हतं. मी पेन हातात घेतलं, ठेवलं, आणि कार्ड एका पुस्तकात घातलं. उद्या लिहू म्हणून. ते अजून त्या पुस्तकात आहे.

म्हणजे बघा, तिथे एक माणूस दिवा घेऊन दारापर्यंत आला होता. दार मी उघडलं नाही. त्या रुग्णालयानं पुढे कधी आलेख काढला असेल तर आक्का त्यात शेवटच्या भेटीपर्यंत ठणठणीत असेल आणि मग बाजूला काढलेली असेल. तिशीची दुसरी एखादी मुलगी तोच आलेख बघून झडप निवडत असेल. मी वर्गात तीस वर्षं अनुपलब्धी शिकवली. योग्यतेची अट फळ्यावर लिहिली. एक कार्ड टाकलं नाही.

म्हणून संशोधकांना मी जे सांगितलं ते सांगितलं, पण शेवट आपल्याशी करतो. तुमच्या घरी असं कार्ड येईल, आता बहुधा फोन येईल. कुणीतरी कंटाळलेल्या आवाजात विचारेल, पेशंट कसे आहेत? माणूस गेलेला असेल तर फोन ठेवून द्यावासा वाटेल. ठेवू नका. तारीख सांगा. कारण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगा. तेही लिहून घेतात. गोळी बंद केली होती, पैसे नव्हते, तपासणी झाली नव्हती, हेही सांगा. लाजू नका.

आता प्रश्न असतील तर विचारा. औषधांबद्दल मात्र विचारू नका, पाटीची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली आहे. (हशा)